सोमवारचा भाग

रबराचं बाळ, लांबी अठरा इंच. डाव्या पायाचा अंगठा उंदराने कुरतडलेला, म्हणून कॅमेरा नेहमी उजव्या बाजूने.

*

शाळेच्या नाताळच्या नाटकात योलिमा बारागान, वय सात, गाढवाचे मागचे पाय झाली होती. ऐन वेळी पुढचे पाय रडत आईकडे पळाले. मागचे पाय एकटेच बेथलेहेमला पोचले. टाळ्या.

*

टर्की कोंबडा, नऊ किलो. गुरुवारी सकाळी फाटकाला बांधलेला.

*

सतराव्या वर्षी योलिमा इबागेच्या रेडिओवरच्या नाटकांत रडायची. तासाभरात तीन बायकांचं रडणं: विधवेचं, सवतीचं आणि खिडकीत बसलेल्या आंधळ्या मुलीचं. डायरेक्टर म्हणायचा, आंधळीचं जरा नाकातून येऊ दे.

*

शाळेत चाळीस खुर्च्या होत्या. डॉन एलादियोंच्या मेजवानीसाठी मागायला टेकडीवरून माणूस आला. मास्तर फिदेलिनो म्हणाले, परीक्षा आहे, देता येणार नाहीत. आता शाळेत खुर्च्या आहेत, मास्तर नाहीत.

*

तिच्या एकुलत्या एक सिनेमात तिला एकही संवाद नव्हता. परदेशातल्या महोत्सवात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. गावात तो चार दिवस चालला. आई चारही दिवस गेली आणि शेवटी म्हणाली, "तुला बोलू का देत नाहीत गं?"

*

बोगोटाच्या भाजीबाजारात एका म्हातारीने तिचा हात ओढून स्वतःच्या गळ्यातल्या गाठीवर ठेवला. "सिस्टर, दाबा." तिने दाबला. काय करणार?

*

शनिवार, दुपारचा एक. अठ्ठ्याण्णवचा ऑगस्ट. पुएर्तो लिएबानोत पंखासुद्धा गरम हवा घुसळत होता.

आईची, म्हणजे डोन्या इस्मेनियाची, पासष्टी होती. योलिमा सकाळच्या बसने आली होती आणि बसस्टँडपासून घरापर्यंतच्या पाच मिनिटांना तिला पाऊण तास लागला होता. टीव्हीवर 'पांढरा कॉरिडॉर' ही सिरियल सुरू झाल्यापासून तिला गावात कुणी नावाने हाक मारत नव्हतं. सिस्टर, इकडे या. सिस्टर, या पोराच्या डोक्यावर हात ठेवा. एकशे बारा भाग ती हॉस्पिटलातली नन, सिस्टर पिएदाद, होती. तिने हात लावलेलं पोर दगावत नसे.

आता ती अंगणात बदामाच्या झाडाखाली, अनवाणी, आईच्या शेजारी बसली होती. समोर तिचा मोठा भाऊ आर्नुल्फो. ट्रॅक्टर आणि पंपांच्या सुट्या भागांचं त्याचं दुकान पुढच्या खोलीतच होतं. शनिवार असूनही आज ते बंद. ओदिलिया मावशी टर्कीचं भांडं घेऊन सगळ्यांच्या मागून फिरत होती आणि नको म्हणणाऱ्याला दुप्पट वाढत होती.

फाटक वाजलं. चष्मा घातलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आत आला. हातात पुठ्ठ्याचा खोका. त्याने टोपी काढली, आईला वाकून शुभेच्छा दिल्या, आणि भांड्यात डोकावत म्हणाला, "कोंबडा मऊ शिजला का?"

पाहुण्याने स्वयंपाकाचं विचारलं की मावशीला दुसरं काही ऐकू येत नाही. "लोणी! रात्रभर बिअरमध्ये भिजवला होता. बसा ना, एक तंगडी उरलीय."

"नको, जेवून निघालोय. म्हणजे कापला तर."

"मग काय जिवंत वाढू?"

माणूस हसला. चांगलं, मोकळं हसला. "तसं नाही, मावशी. डॉन एलादियोंनी विचारायला सांगितलं होतं. आता त्यांना सांगतो, ठरलं म्हणून." खोका त्याने योलिमाच्या ताटाशेजारी ठेवला. "उद्या अकरा वाजता, चर्चमध्ये. धाकट्या मालकिणीने स्वतः बसून शिवलाय. टीव्हीवर बघून मापं घेतली, थोडं इकडेतिकडे असेल. येतो, सिस्टर."

फाटक त्याने अगदी हळू लावलं.

खोक्यात ननचा झगा होता. पांढरा, निळ्या काठाचा. वर एक चिठ्ठी: *बाप्तिस्मा. धर्मआई: सिस्टर पिएदाद.* योलिमाचं नाव कुठेच नव्हतं.

मावशीच्या हातातलं भांडं टेबलावर आलं. "फीत नव्हती," ती म्हणाली. "टर्कीला पांढरी फीत बांधून पाठवला तर ते धर्मआईचं मागणं. मला काय माहीत नाही? जिवंत परत केला तर नाही, कापला तर हो. फीत असती तर मी सुरीला हात लावला असता का? मला वाटलं, फादरनी पाठवला इस्मेनियाच्या पासष्टीला."

"फादरनी आजवर कधी कुणाला अंडं तरी पाठवलंय का?" आई म्हणाली.

योलिमाने ताटातला तुकडा बाजूला सारला. तिने दोनदा वाढून घेतलं होतं.

*

अडीचची बस. हे शब्द आईने चारदा उच्चारले. योलिमाची पिशवी अजून उघडलीसुद्धा नव्हती, बरंच झालं, तशीच उचलायची आणि अडीचच्या बसने बोगोटा.

"आणि उद्या अकरा वाजता मी काय सांगू?" आर्नुल्फो म्हणाला. "सिस्टर वारली?"

"सांग आजारी पडली."

"आई, ते बघायला येतील. फळं घेऊन येतील."

"अगं पण गेलं तर बिघडतं काय?" मावशी म्हणाली. भीती वाटली की ती जास्त बोलते. "मेणबत्ती धरायची, पाणी पडेपर्यंत पोर सांभाळायचं. मी सात जणांची धर्मआई आहे. त्यातले तिघे मला रस्त्यात ओळखतात. एवढंच असतं ते."

"तुझी सात पोरं धडधाकट होती, मावशी," आर्नुल्फो म्हणाला. "ही डॉन एलादियोंची पोर सहा महिन्यांची आहे आणि चार किलोसुद्धा नाही. नेव्हा शहरातला डॉक्टर गाडीत घालून आणला होता. तो हात वर करून गेला. उद्या योलीने हात लावला आणि..."

वाक्य त्याने अर्धंच सोडलं.

योलिमाला सकाळपासून एक गोष्ट सांगून टाकावीशी वाटत होती. शूटिंग तीन आठवडे आधी होतं. पुढचं काही बाहेर सांगायचं नाही अशी कागदावर सही घेतलेली असते. आईला आजवर तिने काही सांगितलं नव्हतं, आणि आई चिडून म्हणायची, पोटची पोर आणि पोटातलं सांगत नाही.

"सोमवारी पोर मरतं," ती म्हणाली.

आईने छातीवर क्रूस केला. "कुणाचं?"

"सिरियलमधलं. लोहाराचं."

"वाचतं ते!" मावशी म्हणाली. "शुक्रवारी तू त्याला कुशीत घेतलंस. डोळे उघडले त्याने."

"सोमवारी मी त्याच्या दुधात थेंब घालते. आधीपासून मीच करत होते सगळं. प्रेक्षक कमी झाले म्हणून लेखकाने मला खुनी केली."

मावशी खुर्चीत बसली. "तू? आणि तू पोचायच्या आत गेली ती विधवेची जुळी?"

"तीही मीच."

"आणि डॉक्टर साल्दान्याला माहीत आहे?"

"मावशी!" आर्नुल्फो ओरडला.

"विचारते नुसतं."

योलिमा प्रत्येकाचा चेहरा बघत होती. ते तिचं काम होतं, ते ती झोपेतही करायची. मावशीच्या चेहऱ्यावर फसवलं गेल्याचा राग. आईच्या चेहऱ्यावर हिशेब: रविवार सकाळी अकरा, सोमवार रात्री आठ. आर्नुल्फो ताटात बघत होता. मघापासून ताटातच बघत होता.

"फोन कर त्यांना," आई म्हणाली. "बदला म्हणावं."

फोन दुकानात होता. चॅनेलच्या ऑफिसात शनिवारी दुपारी चौकीदाराशिवाय कुणी नव्हतं. योलिमाने आपलं नाव सांगितलं. तो आनंदाने म्हणाला, "सिस्टर! अहो, माझी बायको सकाळपासून पैज लावून बसलीय. वाचणार ना लोहाराचं पोर?"

तिने फोन ठेवला. काउंटरच्या काचेखाली खिळे, वायसर, रबरी रिंगा, सगळं खणाखणात लावलेलं होतं. एका खणात, स्प्रिंगांच्या जोडीला, पांढरी साटिनची फीत होती. गुंडाळून ठेवलेली, जपून.

ती फीत हातात घेऊन अंगणात आली.

*

"मी काढली," आर्नुल्फो म्हणाला. त्याने नाकारायचा प्रयत्नही केला नाही. "गुरुवारी पहाटे फाटक उघडलं, तर तो बांधलेला. गळ्यात फीत. मी उभा राहिलो, किती वेळ कोण जाणे. जिवंत परत करायचा म्हणजे काय? काखेत टर्की घेऊन टेकडीवर कुणी जायचं होतं? मावशीने? तू बोगोटात. आईचे गुडघे. मीच ना?"

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"मग?"

मावशी हळूच म्हणाली, "माझ्या हातून करवून घेतलंस रे. मी त्याला मक्याचे दाणे भरवत होते."

आई उठली. योलिमाला वाटलं, ती आर्नुल्फोच्या तोंडात मारणार. लहानपणी त्याने घरातला रेडिओ उघडून ठेवला होता तेव्हा मारली होती तशी. आई त्याच्या खुर्चीमागे गेली आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवून उभी राहिली.

"तू उद्या जा, योलिमा," ती म्हणाली. अडीचची बस आता तिच्या तोंडी नव्हती. "तो इथे राहतो. तू इथे येतेस."

भावाबहिणींच्या भांडणात आईने कधी बाजू घेतली नव्हती. योलिमाला राग यायला हवा होता. आली ती भीती, कारण आईची बोटं आर्नुल्फोच्या शर्टात रुतलेली तिला इथून दिसत होती.

"जाईन," ती म्हणाली. "पण त्या बाळाच्या आईला खरं सांगेन. लुसेलीला. टीव्हीवर बघून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे."

"वेडी आहेस," आर्नुल्फो म्हणाला. "सोमवारचं सोमवारी. रविवारी तरी जगू."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी ते समजून घेतील. सिरियल आहे, सगळ्यांना कळतं."

"मास्तर फिदेलिनोंच्या खुर्च्याही नुसत्या खुर्च्याच होत्या."

"मी इथून हलणार नाही, योली," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "एकोणीस वर्षं मी एकेक नट मोजून ते दुकान उभं केलंय. तू गाव बदलतेस, नाव बदलतेस, कपडे बदलतेस. मला दुसरं काही होता येत नाही."

मावशीने फीत उचलली, तिला पडलेली घडी बोटांनी सारखी केली, आणि कुठे ठेवावी हे न सुचून ॲप्रनच्या खिशात घातली.

*

झगा खांद्यात घट्ट आणि कमरेत सैल होता. चर्चच्या पायऱ्यांवर बायकांनी तो हाताने चाचपून पाहिला.

आत पहिल्या चार रांगांत पुरुष होते. शर्ट बाहेर काढलेले, शर्टाखाली काय आहे ते सगळ्यांना माहीत. फादर कुणाकडेही न बघता पुस्तकाची पानं उलटत होते. आई आणि मावशी खांबापाशी. आर्नुल्फोच्या हातात मोठी मेणबत्ती दिली होती. ती तो दोन्ही हातांनी, पंपाच्या दांड्यासारखी धरून उभा होता.

बाळाचे कपडे बदलायला म्हणून लुसेलीने तिला मागच्या खोलीत नेलं. बाविशीची असेल. नखं चावून चावून बारीक झालेली.

"घ्या ना," ती म्हणाली.

योलिमाने बाळ घेतलं. वजन नव्हतंच. नुसता ताप हातात आला, कापडात गुंडाळलेला. बाळाने डोळे उघडले आणि झग्याच्या निळ्या काठाकडे बघत राहिलं.

"मी सिस्टर नाही," योलिमा म्हणाली.

"माहीत आहे हो. मी काय खुळी आहे?" लुसेलीने दाराकडे पाहिलं. "तुमचं लग्न मोडल्याचंही वाचलंय मी मासिकात. पण त्यांना तसं बोलू नका. त्यांची आई म्हणते, पोर अशी निघाली ती माझ्या रक्तामुळे. त्यांनाही तसं वाटायला लागलं होतं. मग मी म्हटलं, सिस्टर हात लावतील. तेवढ्यावर दोन महिने काढले मी."

म्हणजे तीही नाटकच करत होती. योलिमाला वाटलं होतं, आज आपल्याला या बाईची समजूत घालायची आहे. समोर तर तिच्यासारखीच कुणीतरी उभी होती, दिवस ढकलणारी.

"लुसेली, ऐक. सोमवारच्या भागात..."

तिने सांगितलं. चार वाक्यांत, खालच्या आवाजात. लुसेलीचा चेहरा बदलला नाही. फक्त ओठ पांढरे झाले.

"किती वाजता असतो? आठला ना?"

"आठला."

"ते बघतात. रोज. ताट मांडीवर घेऊन. जाहिराती लागल्या तरी उठत नाहीत." ती बोटांवर मोजू लागली, एक, दोन, आणि थांबली. "आज सांगू नका. आज त्यांनी सकाळी गाणं म्हटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

"मग कधी सांगू?"

लुसेलीने बोट ओठांवर ठेवलं. डॉन एलादियो दारात होते. ठेंगणे, भादरलेल्या मिशीचे, अंगाला टाल्कम पावडरचा वास. हॅट छातीशी धरलेली. त्यांच्या मागे दोन पावलांवर आर्नुल्फो, कारण मेणबत्तीवाल्याने धर्मआईला वेदीपर्यंत न्यायचं असतं.

"सिस्टर," डॉन एलादियो म्हणाले. मास्तरांपुढे उभ्या राहिलेल्या पोरासारखा आवाज. "एक विचारायचं होतं. ही म्हणते, विचारू नका, वाईट दिसतं. पण मला थांबायची सवय नाही. लोहाराचं पोर सोमवारी वाचतं का?"

योलिमाने ठरवलं होतं. रात्रभर तिने ते वाक्य जुळवलं होतं: साधं, सरळ, स्वतःच्या आवाजात. ते एक गोष्ट आहे, डॉन एलादियो, कुणीतरी लिहिलेली. तुमच्या मुलीला डॉक्टर हवा आहे, मी नाही. तिने तोंड उघडलं.

दारात आर्नुल्फोच्या मेणबत्तीचं मेण त्याच्या बोटांवर ओघळत होतं. तो हात हलवत नव्हता.

लुसेली बाळाच्या टोपीची नाडी बांधत होती. बांधून झालेली नाडी सोडून पुन्हा बांधत होती.

आणि योलिमाने डावीकडे किंचित मान कलती केली. पापण्या खाली, मग सावकाश वर. श्वास पोटातून. एकशे बारा भाग केलं होतं तसंच. पण इतक्या जवळून, इतक्या एकाच माणसासाठी, कधीच नाही.

"वाचतं," सिस्टर पिएदाद म्हणाली. "देवाच्या दयेने वाचतं."

डॉन एलादियोंनी तिचा हात उचलून कपाळाला लावला. कपाळ ओलं होतं. "मग हीसुद्धा," ते म्हणाले. "मग झालं."

आर्नुल्फोने तिच्याकडे पाहिलं. त्याने ते भाग सगळे पाहिले होते. तो आवाज त्याला ओळखू आला. काल दुपारी तो म्हणाला होता, सोमवारचं सोमवारी. आता सोमवारला एक शब्द जोडला गेला होता, आणि तो शब्द त्याच्या बहिणीने समोर उभं राहून दिला होता. समजून घेण्याची गोष्ट संपली होती.

*

पाणी पडलं. बाळ रडलं नाही. नाव ठेवलं मारिया पिएदाद.

बाहेर भर दुपारी बाण उडवले गेले. प्रत्येक आवाजाला आई दचकायची आणि मावशी तिच्या दंडाला धरून म्हणायची, "फटाके आहेत गं, इस्मेनिया, फटाके." फोटोग्राफरने सगळ्यांना पायऱ्यांवर उभं केलं: मधे झगा, झग्यात बाळ, एका बाजूला डॉन एलादियो, दुसऱ्या बाजूला धर्मआईची माणसं. हसा, तो म्हणाला. सगळे हसले.

ओठ न हलवता आर्नुल्फो म्हणाला, "उद्या आठच्या आत किती सामान उचलता येईल?"

"सामान नको," योलिमा म्हणाली. कॅमेऱ्याकडे बघत, हसत. "पहाटेची बस आहे. आईच्या गुडघ्याचं औषध तेवढं घे."

"मावशी?"

"तीही."

"दुकान..." तो म्हणाला. बाळाने झोपेत योलिमाचं बोट पकडलं होतं. आणखी एक, फोटोग्राफर म्हणाला, सिस्टर, जरा बाळाकडे बघा.

तिने बघितलं.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या टेलिफोन डिरेक्टरीत पुएर्तो लिएबानोच्या नावाखाली एकशे बेचाळीस नंबर आहेत. बारागान आडनावाचा त्यात एकही नाही.